आज डाग किती?

प्रयोगाच्या वहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे सगळे रकाने असतात. किस्सा लिहायला रकाना नसतो! त्यामुळे फिजिक्स शिकलेल्या माणसाच्या डोक्यात किस्से नुसते साचत राहतात आणि दोन जुने वर्गमित्र भेटले की चहा यायच्या आधीच सांडायला लागतात. आमच्याकडे तर एकाच उन्हाळ्याचे इतके किस्से आहेत की बायको आता म्हणते, “तुम्ही लोकांनी दोन महिन्यांत अभ्यास कधी केला?”

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याच्या एका कॉलेजात एस. वाय. बी.एस्सी.ला होतो. खरं तर मी जळगावचा. पण माझे बारावीचे मार्क पाहून जळगावने हात जोडले आणि धुळ्याने पदरात घेतलं. त्या उपकाराची फेड म्हणून धुळेकरांनी मला तीन वर्षं ‘ए जळगाव’ याच नावाने हाक मारली. माझं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुठेच वापरात नव्हतं.

आमचे भामरे सर म्हणजे काटकुळे, तापट आणि कामाला एकदम नेमके. त्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं की सुटीत बी.एस्सी.च्या मुलांकडून एखादं छोटं संशोधन करून घ्या. सरांनी विषय निवडला सूर्य.

प्राचार्यांनी विचारलं, “सूर्यच का?”

सर म्हणाले, “मग मे महिन्यात धुळ्यात दुसरं काय मिळतं?”

आणि सूर्यावर संशोधन करणारा हा माणूस छत्रीशिवाय उन्हात पाऊल टाकत नसे! कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण उन्हात, आम्ही उन्हात आणि सर छत्रीखाली. एकदा मी धीर करून म्हटलं, “सर, तुमच्या छत्रीची सावली कागदावर पडतेय.”

“पडू दे,” सर म्हणाले. “ती डागांत धरू नकोस म्हणजे झालं.”

* * *

काम तसं सोपं होतं. दुर्बीण सूर्याकडे धरायची, तिच्यामागे पांढरा कागद लावायचा. कागदावर बशीएवढा सूर्य पडतो. त्यावर जे काळे डाग दिसतील ते पेन्सिलने जसेच्या तसे उतरवायचे, मोजायचे आणि खाली सही करायची. रोज सकाळी आठ वाजता, साठ दिवस. दर अकरा वर्षांनी सूर्यावर डागांचं पीक येतं म्हणतात. त्या वर्षी तर सूर्याला नुसत्या कांजण्या आल्या होत्या.

“एकही खाडा चालणार नाही,” सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. खाडा हा दूधवाल्याचा शब्द. पण सर एकदा शब्द उचलला की तो सिद्धान्तासारखा वापरायचे. “ढग आले तर ‘ढगाळ’ असं लिहायचं. तो सूर्याचा खाडा. तो माफ. माणसाचा खाडा माफ नाही.”

आम्ही तिघं होतो. मी, कापडाच्या दुकानदाराचा मुलगा जयेश आणि सोनगीरच्या शेतकऱ्याची मुलगी प्रमिला. शिवाय प्रयोगशाळेचे शिपाई आबा. पोरांच्या डोळ्यांना इजा नको म्हणून सरांनी दुर्बिणीला पाटी लावली, ‘आत डोळा लावू नये’. आबांनी ती दोनदा वाचली.

“सर, दुर्बीन शे, आनि तिनामा देखानं नही. मंग आनी कसाले?”

सरांनी त्यांना प्रतिमा, भिंग, प्रक्षेपण असं सगळं वीस मिनिटं समजावलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खाली जाताना मला म्हणाले, “चांगली वस्तू वाया घाली!”

* * *

खरी अडचण होती प्रमिलाची. तिचं चित्र आमच्या तिघांत सगळ्यात नेमकं यायचं. पुण्याच्या संस्थेने कळवलं होतं की साठ दिवसांची नोंद पुरी झाली तर एका विद्यार्थ्याने येऊन ती मांडावी आणि काम पसंत पडलं तर एम.एस्सी.साठी तिथेच विद्यावेतन मिळेल. ते नाव प्रमिलाचंच असणार, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं. पण तिच्या वडिलांनी, नानांनी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतर तिचं लग्न करायचं ठरवलं होतं. सुटी लागली की घरी, हा हुकूम.

सर आणि मी सोनगीरला गेलो. नाना ओसरीवर बसले होते. सरांनी सगळं सांगितलं. नानांनी एकच विचारलं, “सूर्य देखाले धुयाले कसाले जानं पडस? आम्हना सोनगीरले उगस नही का?”

एवढे वाद घालणारे आमचे सर, पण इथे एकदम नरमले! शेवटी म्हणाले, “नाना, सूर्य तोच आहे. पण दुर्बीण कॉलेजात आहे.”

“मंग दुर्बीन आठे आना.”

मिटलं. तडजोड अशी झाली की सोमवार ते शनिवार प्रमिला एस.टी.ने धुळ्याला येणार. रविवारी कॉलेजला कुलूप असतं, तेव्हा शनिवारी दुर्बीणच तिच्याबरोबर सोनगीरला जाणार आणि रविवारचा सूर्य ती घराच्या धाब्यावरून काढणार. धाबं म्हणजे आमच्याकडच्या घरांचं मातीचं सपाट छप्पर. गच्चीचं काम चोख करतं.

निघताना नानांनी एक अट घातली. मधेच चांगलं स्थळ आलं तर त्याच दिवशी सगळं बंद. सरांनी मान डोलावली. प्रमिला दाराआड उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि उगाच पाणी मागितलं.

* * *

पहिल्या शनिवारी दुर्बीण एस.टी.त चढवायला मी आणि जयेश स्टँडवर गेलो. नळी एका पोत्यात, तिपाई दुसऱ्या पोत्यात, कागदांची पेटी वेगळी. प्रमिला आधीच खिडकीशी बसली होती आणि मांडीवर वही घेऊन त्या दिवशीची बेरीज पुन्हा तपासत होती. ती एकदा मोजायला लागली की तिला आजूबाजूचं भान नसायचं.

कंडक्टर सामानाचे नग मोजत आला. “ताई, डाग किती?”

प्रमिलाने वर न बघता सांगितलं, “अडतीस.”

“अडतीस?” कंडक्टर ओरडला. “अहो, ही एस.टी. आहे, मालगाडी नाही!”

“त्यातले सहा मोठे आहेत,” प्रमिला म्हणाली. “बाकीचे अगदी बारीक.”

कंडक्टरने खाली उतरून गाडीभोवती चक्कर मारली, टपावर नजर टाकली, परत आला आणि आम्हाला विचारलं, “बाकीचे पस्तीस कुठेयत?”

जयेश आकाशाकडे बोट दाखवणार होता. मी त्याचा हात धरला.

* * *

डाग मोजण्यात एक गोम असते. डाग सुटे मोजतात, पण त्यांचे गटही मोजावे लागतात आणि एक गट दहा डागांच्या बरोबरीचा धरतात. त्यामुळे दोन गट की एक गट यावर आमची रोज भांडणं. एकदा सूर्याच्या मधोमध एक मोठा डाग, त्याच्यापासून थोड्या अंतरावर दुसरा मोठा आणि मधे पाच-सात ठिपके. जयेश म्हणे दोन गट. मी म्हणे एक. सर पुस्तक आणायला खाली गेले.

आबा पाण्याचा माठ भरत होते. गावच्या सोसायटीच्या तीन निवडणुका त्यांनी जवळून पाहिलेल्या. त्यांनी कागदावर वाकून पाहिलं.

“हाऊ एकच गट शे,” आबा म्हणाले. “म्होरे एक पुढारी, मांगे एक. मझारला बठ्ठा किरकोळ.”

“कशावरून, आबा?”

“देखज्या तुम्हीन. किरकोळ पहिले जातीन. मंग मांगला खपी. पुढारी शेवटलगून टिकस!”

सर पुस्तक घेऊन वर आले आणि वाचायला लागले. असा गट एकच धरतात. त्यातल्या पुढच्या डागाला ‘लीडर’ म्हणतात, मागच्याला ‘फॉलोअर’. मधले ठिपके आधी विरतात, मग बहुधा फॉलोअर, आणि लीडर सगळ्यात जास्त टिकतो. सरांनी पुस्तक मिटलं. मग छत्रीही मिटली. हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

“आबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यात काय सांगानं, सर? तुम्हीन कधी सोसायटीले उभा राह्यनात नही का?”

* * *

जयेशची नजर घारीची. दुकानात लहानपणापासून त्याचं कामच ते. ठाण उलगडलं की कुठे धागा सुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय हे तो लांबून सांगायचा. सूर्यावरही आम्हाला दिसत नाहीत असे ठिपके त्याला दिसायचे. त्याचा त्याला गर्व होता, आणि तो गर्व फार दिवस टिकू द्यायचा नाही असं बहुतेक सूर्यानेच ठरवलं.

एके दिवशी त्याला अगदी मधोमध एक बारीक, काळाकुट्ट डाग सापडला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच! सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बाकीचे डाग रोज थोडे थोडे सरकत होते. जयेशचा डाग मात्र जागचा हलायला तयार नाही.

“सर, हा वेगळाच प्रकार आहे,” जयेश घाईघाईने म्हणाला. “हा स्थिर डाग आहे. याच्यावर पेपर होईल.”

चौथ्या दिवशी सर म्हणाले, “दुर्बिणीला जरा टिचकी मार.”

जयेशने टिचकी मारली. कागदावरचा सूर्य हलला. सगळे डाग त्याच्याबरोबर हलले. जयेशचा डाग ढिम्म!

आबा पुढे झाले, खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाने मागचं भिंग पुसलं आणि विचारलं, “आते?”

डाग गेला. जयेशने वही मिटली आणि तो खाली उतरला. संध्याकाळी त्याचे वडील सरांना बाजारात भेटले आणि काळजीने म्हणाले, “सर, पोरगं घरी जेवलं नाही. म्हणतं, माझा चार दिवसांचा माल कोणीतरी पुसून टाकला.”

* * *

दुसऱ्याचे किस्से सांगणाऱ्याने स्वतःचा एक तरी सांगावा, असा आमच्या गटाचा नियम आहे. तर हा माझा.

मावसबहिणीची हळद होती जळगावला. त्या दिवशीचं निरीक्षण माझ्याकडे होतं. जयेश दुकानात अडकलेला, प्रमिलाला घरी काही काम, आणि सर परीक्षेच्या मीटिंगला. मी विचार केला, कालचे डाग माहीत आहेत, एका दिवसात ते किती सरकतात तेही माहीत आहे. मग गच्चीवर जायचं कशाला? मी पहाटेची गाडी पकडली, मांडवात बसून पट्टी-कंपास घेतला आणि हिशेबाने असा देखणा सूर्य काढला की काय सांगू! वर वेळही टाकली, आठ वाजून दोन मिनिटं. खाली झोकात सही.

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद हातात घेतला. “वा! एकेक डाग जागेवर. रेषा काय सुंदर!”

मी लाजलो.

“आणि काल सकाळी हवा कशी होती?”

“एकदम स्वच्छ, सर.” जळगावला होतीच स्वच्छ.

सर म्हणाले, “अरे जळगाव, काल धुळ्यात सहापासून दहापर्यंत आभाळ होतं. मी मीटिंगच्या खिडकीतून बघत होतो. नुसतं ‘ढगाळ’ लिहिलं असतंस तरी चाललं असतं रे!”

त्यांनी कागद फाडला नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘जळगावहून दिसलेला धुळ्याचा सूर्य’. सगळे हसले, मीही हसलो. पण मला फार लाज वाटली होती. प्रमिला हसली नाही. नंतर जिन्यात एवढंच म्हणाली, “तुझा एक खाडा पडला तर तुला सर रागावतील. माझा पडला तर मला घरी बसवतील. जरा माझ्यासाठी तरी नीट काढत जा.”

त्यानंतर मी एकही सूर्य चुकवला नाही.

* * *

सोनगीरला रविवारी काय चालतं ते प्रमिला सोमवारी सांगायची. पहिल्या रविवारी नाना धाब्यावर फिरकलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या रविवारी मळ्यात जाता जाता डोकावले. दुर्बीण एका जागी ठेवली की कागदावरचा सूर्य हळूहळू सरकत कडेला जातो आणि दोन मिनिटांत कागदाबाहेर. नाना बघत राहिले.

“हाऊ पयी कोठे राह्यना?”

“तो नाही पळत, नाना, पृथ्वी फिरते,” असं प्रमिलाने शहरी मराठीत पुस्तकातलं उत्तर दिलं.

नानांनी ते कानाआड केलं. “पन्नास वरीस याना खाले राबनू,” ते म्हणाले. “पन हाऊ असा पयस, हाई आज देखं!” त्या दिवशी ते मळ्यात उशिरा गेले.

तिसऱ्या रविवारी कागदाची चौकट धरणारी कडी मोडली. सोनगीरला तांबटांची जुनी आळी आहे, पितळेची भांडी घडवणारी. प्रमिलाने काही म्हणायच्या आत नाना मोडकी कडी घेऊन स्वतः तांबटाकडे गेले आणि समोर बसून नवी पितळी कडी करून आणली. जुनीपेक्षा दुप्पट जड आणि दहापट मजबूत!

सोमवारी सरांनी ती हातात घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते हातातून सोडायचं नाही, ही तांबटाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्याने नानांना विचारलं होतं, कोणाकडून आणि कोणाला? नानांनी खरं तेच सांगितलं होतं.

कडीवर टिपक्या-टिपक्यांची सुबक अक्षरं होती: ‘भामरे सर, धुळे यांजकडून सूर्यास सप्रेम भेट’.

* * *

चौथ्या रविवारी प्रमिला धाब्यावर कागदावर वाकलेली. शेजारच्या धाब्यावर अक्का बिबडे वाळत घालत होत्या. आमच्याकडचे हे ज्वारीचे पापड उन्हात घालायचे म्हणजे सकाळ त्यातच जाते आणि तोंड रिकामं राहतं.

“काय मोजी राह्यनी वं, पोरी?”

“डाग मोजी राह्यनू, अक्का!”

“किती शेतस?”

“एकेचाळीस! आनि आजून येतीन!”

अक्कांच्या हातातला बिबडा हातातच राहिला. आता डाग म्हणजे सूर्यावरचा ठिपका हे आम्हा चौघांपुरतं. बाकी सगळ्या गावात डाग म्हणजे सोन्याचा दागिना! नानांनी लेकीसाठी एकेचाळीस डाग केलेत, ते धाब्यावर ठेवलेत, पोरगी दर रविवारी उघड्यावर मोजते आणि वर म्हणते अजून येतील! बिबडे वाळायच्या आत बातमी वेशीपर्यंत गेली आणि आठवड्यात दोंडाईच्याला पोहोचली.

सोमवारी प्रमिलाने हे सांगितलं तेव्हा आम्ही हसून लोळलो. तीही हसली. शनिवारी मात्र ती आली ती पडलेल्या चेहऱ्याने. दोंडाईच्याहून निरोप आला होता. मिरचीचे मोठे व्यापारी, मुलगा शिकलेला, लोक नावाजलेले. उद्या सकाळी मुलगी पाहायला येतात.

“किती वाजता?” सरांनी विचारलं.

“आठ,” प्रमिला म्हणाली.

सर छत्री उघडत राहिले, मिटत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं होतं आणि ते लपवता येत नव्हतं. नानांना त्यांनी शब्द दिला होता. शेवटी म्हणाले, “ठीक आहे. जळगाव आणि जयेश, उद्या तुम्ही प्रमिलाच्या बदली जा. निदान नोंद तरी तुटायला नको.”

प्रमिलाने दुर्बिणीची पोती उचलली. ‘आता नोंद पूर्ण झाली काय आणि तुटली काय’ असं ती म्हणाली नाही, पण तिच्याकडे बघून तेच ऐकू येत होतं.

* * *

आणि हा शेवटचा. हा मी फार कमी वेळा सांगतो.

आम्ही साडेसहाची एस.टी. पकडली. अर्ध्या वाटेवर ती पंक्चर झाली. ड्रायव्हरने जॅक शोधला, कंडक्टरने तंबाखू मळली. मी घड्याळाकडे बघत होतो आणि जयेश सूर्याकडे. सोनगीरला उतरलो तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं. आम्ही अक्षरशः पळत सुटलो.

ओसरीवर सतरंजी अंथरलेली. पाहुणे बसलेले: मुलाचे वडील, काका, मध्यस्थ आणि पाठ ताठ करून नवरामुलगा. प्रमिला हिरव्या साडीत पोह्यांच्या बशा देत होती. आम्हाला पाहिलं आणि तिने मान खाली घातली. पण नानांची जागा रिकामी! पाहुणे सारखे दाराकडे बघत होते.

मुलाच्या वडिलांनी अखेर विचारलं, “नाना कोठे गयात?”

प्रमिलाच्या आईने पदर सारखा केला. “वर धाबावर शेतस. येतीनच आते.”

आम्ही जिना चढलो. धाब्यावर नाना गुडघे टेकून बसले होते. नवं धोतर, नवी टोपी. एका हाताने दुर्बीण धरलेली, दुसऱ्या हातात प्रमिलाची पेन्सिल, आणि सूर्यावर खेकसत होते, “थांब ना रे, भाऊ! याले जरासा दम नही शे!”

कागदावर सगळा सूर्य उतरला होता. रेषा जाड, पण एकही डाग जागा सोडून नव्हता. कोपऱ्यात वेळ लिहिली होती, आठ. आम्हाला बघून नाना कडाडले, “हाई का टाइम शे? सूर्य काय तुम्हना साठे थांबी?”

जयेशने नाक पुसलं आणि उगाच म्हणाला, “धूळ फार आहे इकडे.”

नाना कागद घेऊन खाली आले, पेन्सिल कानावर. पाहुण्यांना राम राम केला आणि बसले. मध्यस्थ खाकरला. अशी गोष्ट आडूनच विचारायची असते. “नाना, आम्हना कानवर उनं ते खरं शे का? डागसनं?”

“खरं शे ना!” नाना खुलले.

“मंग… किती व्हतीन?”

नानांनी कागद डोळ्यांपुढे धरला आणि पेन्सिलच्या टोकाने एकेक मोजला. “आज बावन्न.”

सतरंजीवर चैतन्य पसरलं. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलाचे वडील हळूच म्हणाले, “देखाले मियतीन का?”

“चला ना वर!”

सगळे पाहुणे एकामागोमाग एक जिना चढले. आम्ही खालीच थांबलो. मग नानांचा आवाज आला, “आत डोया नका लावा! कागदवर देखा!”

पाहुणे उतरले ते एकेक करून, कोणी कोणाकडे न बघता. नवरामुलगा उतरेचना. त्याला तीनदा हाक मारावी लागली. खाली आल्यावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा वडिलांच्या आधी तोंड उघडलं असावं. प्रमिलाला विचारलं, “हे रोज बदलतात?”

“रोज,” प्रमिला म्हणाली.

मुलाचे वडील जुने, जाणते गृहस्थ. त्यांनी सगळं गिळलं, मिशीवरून हात फिरवला आणि मोठ्या मनाने म्हणाले, “असू द्या, नाना. पोर पसंत शे आम्हले. डागसनं काय? लगीननी तारीख सांगा.”

प्रमिलाने रिकाम्या बशांची थाळी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं.

नानांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिचं टोक प्रमिलाकडे केलं.

“तिले इचारा, भाऊ. मी ते आज तिना बदली काम करी राह्यनू.”